आज बसून खायचंय

माझ्या धाकट्या भावाने टोरंटोच्या चार दिवसांचं वेळापत्रक मला गुगल शीटमध्ये करून पाठवलं होतं. ठिकाण, वेळ, तिकीट, जवळची ट्राम आणि शेवटच्या रकान्यात 'काय खायचं'. गुरुवार ते रविवार, मधे पंधरा मिनिटांचीही फट नाही. मी त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने हात जोडलेला इमोजी पाठवला. बाबांनी लिहिलं, "पोरगं चांगलंच रुळलेलं दिसतंय."

मी ऑफिसच्या कामासाठी सप्टेंबरमध्ये मिसिसागाला आले होते. तीन दिवस मीटिंगा आणि त्यापुढचे चार दिवस रजा टाकून जोडून घेतलेले. भावाला तीन वर्षांनी भेटणार होते. सांगलीहून निघताना बाबा स्टँडवर सोडायला आले आणि म्हणाले, "फिरून ये, मजा कर. आणि जमलं तर बघून ये, खरंच कसं चाललंय त्याचं."

त्या 'खरंच'ला कारण होतं. घर तारण ठेवून सोळा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंय आणि त्यावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. भावाने तिथे सप्लाय चेनचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला, मग तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं आणि गेलं वर्षभर तो 'एका लॉजिस्टिक्स कंपनीत' आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. कंपनीचं नाव विचारलं की तो म्हणायचा, "तुम्हाला माहीत नसणार." हप्त्याचे पैसे मात्र दर महिन्याच्या तीन तारखेला यायचे. एकदाही चुकले नव्हते.

गुरुवारी सकाळी तो मला घ्यायला युनियन स्टेशनवर आला. चेहरा सुकलेला, पण पोटऱ्या पैलवानासारख्या. "जिम लावलीस का?" मी विचारलं. "सायकल चालवतो," तो म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

स्टेशनातून त्याने मला रस्त्यावर न नेता आधी जमिनीखालून फिरवलं. टोरंटोच्या मध्यवर्ती भागात इमारतींची तळघरं एकमेकांना जोडणारं 'पाथ' नावाचं जाळं आहे, जवळपास तीस किलोमीटरचं. दुकानं, दवाखाने, फूड कोर्ट, सगळं खालीच. हिवाळ्यात लोक ट्रेनमधून उतरतात आणि बर्फाला न शिवता ऑफिसच्या लिफ्टपर्यंत पोचतात. पाथच्या इंग्रजी नावातल्या चार अक्षरांना चार रंग दिलेत. लाल म्हणजे दक्षिण, केशरी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. तरी नवखा माणूस हमखास हरवतो. माझा भाऊ पाट्यांकडे बघतही नव्हता.

"जानेवारीत इथे बरं वाटतं," तो म्हणाला. "बाहेर उणे पंधरा असलं की मी इथे येऊन थांबतो."

"कशासाठी थांबतोस?"

"असंच. ऊब असते."

सीएन टॉवरच्या ओळीपुढे शीटमध्ये 'तिकीट : १' असं लिहिलेलं होतं. "माझं बघून झालंय, तू जाऊन ये, मी खाली थांबतो," तो म्हणाला. एका माणसाला चाळीसहून जास्त डॉलर, म्हणजे आपले अडीच हजारांच्या पुढे. मी दोन तिकिटं काढली.

कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीने हा टॉवर बांधला. शहरात उंच इमारती वाढल्या आणि टीव्ही-रेडिओचे सिग्नल अडायला लागले, म्हणून. १९७६ मध्ये तो लोकांसाठी उघडला. उंची ५५३ मीटर. २००७ मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाने मागे टाकेपर्यंत स्वतःच्या पायावर उभं असलेलं जगातलं सगळ्यात उंच बांधकाम हेच होतं. काचेची लिफ्ट अठ्ठावन्न सेकंदांत वर नेते. त्या अठ्ठावन्न सेकंदांत माझ्या भावाने लिफ्टची दांडी घट्ट धरली होती. वर पोचल्यावर त्याच्या तोंडून इतक्या मोठ्याने "आईशप्पथ!" निघालं की शेजारची बाई हसली. बघून झालेला माणूस असं म्हणत नाही. मी काही बोलले नाही.

एका बाजूला ऑन्टारिओ सरोवर होतं. समुद्रच वाटतो, फक्त खारा वास नसतो. दुसऱ्या बाजूला शहर. मला वाटलं तो आता हे स्टेडियम, ते म्युझियम असं दाखवेल. त्याने दाखवल्या त्या राहत्या इमारती. "ती निळ्या काचांची दिसते ना, तिथली एक लिफ्ट कायम बंद असते. तिच्या पलीकडची बरी, वॉचमन दार लगेच उघडतो. आणि ती टोकाची, तिथे बेल वाजवून वाजवून माणूस म्हातारा होतो." मला वाटलं, मित्र राहत असतील.

शुक्रवारी सकाळी सेंट लॉरेन्स मार्केट. १८०३ पासून या जागेवर बाजार भरतोय. आताच्या इमारतीत १८४५ सालच्या जुन्या सिटी हॉलच्या भिंती अजून उभ्या आहेत. म्हणजे जिथे नगरसेवक बसायचे, तिथे आता चीज आणि मासे मिळतात. शीटच्या शेवटच्या रकान्यात होतं : 'पीमील बेकन सँडविच. मस्ट!!!' खारवलेलं डुकराचं मांस पूर्वी वाटाण्याच्या पिठात घोळवायचे म्हणून हे नाव. आता मक्याचं पीठ लावतात. टोरंटोत एकेकाळी डुकराच्या मांसाचा धंदा एवढा मोठा होता की शहराला हॉगटाऊन असंच टोपणनाव पडलं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी खाल्लं ते की तू खाल्लंस ते?"

"दोन्ही."

पण त्याने स्वतःसाठी फक्त कॉफी घेतली होती. भूक नाही म्हणे. मी अर्धं सँडविच जबरदस्तीने त्याच्या हातात दिलं. त्याने एक घास खाल्ला, थांबला आणि म्हणाला, "असं लागतं होय हे!"

तीन उद्गारचिन्हं टाकून शिफारस केलेला पदार्थ त्याने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला होता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. पण शंका अशी आली की बिचारा पैसे वाचवण्यासाठी बाहेर खात नसेल. ते पटण्यासारखं होतं. ट्राममध्येही तो कार्ड टॅप करायचा आणि घड्याळ बघायचा. ३.३० डॉलरच्या तिकिटात दोन तास कितीही वेळा चढता-उतरता येतं. त्या दोन तासांत त्याने तीन ठिकाणं बसवली होती.

दुपारी केन्सिंग्टन मार्केट. अरुंद गल्ल्या, रंगवलेली जुनी घरं, पुढच्या अंगणातच थाटलेली दुकानं. शंभर वर्षांपूर्वी ही ज्यू लोकांची पेठ होती. मग पोर्तुगीज आले, कॅरिबियन आले, चिनी आले, लॅटिन अमेरिकेतले आले. एका दाराशी टाको, पुढच्या दाराशी जमैकन पॅटी. जवळपास निम्मं टोरंटो कॅनडाबाहेर जन्मलेलं आहे. ते आकड्यांत वाचलं होतं, इथे नाकाला कळलं.

संध्याकाळी तिथून जवळच स्पदायना रस्त्यावरच्या चायनाटाऊनमध्ये डंपलिंग खायला गेलो. दाराशी आल्यावर भाऊ घुटमळला. "दुसरीकडे जाऊ या का? इथे गर्दी आहे." गर्दी नव्हती. मी आत शिरले, तो मागोमाग. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता त्याच्यापुढे हात केला.

"ऑर्डर नंबर?"

तो गप्प. तिने वर बघितलं आणि ओळखीचं हसली. "अरे, तू! आज बॅग नाही?"

"आज दोघांसाठी टेबल हवंय," माझा भाऊ इंग्रजीत म्हणाला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं.

डंपलिंग येईपर्यंत आम्ही दोघंही मेन्यू वाचत बसलो. मग त्याने मेन्यू खाली ठेवला.

लॉजिस्टिक्स कंपनी म्हणजे फूड डिलिव्हरी. इलेक्ट्रिक सायकल, पाठीला चौकोनी बॅग, दिवसाला दहा-अकरा तास. डिप्लोमा झाल्यावर त्याने अडीचशेच्या वर अर्ज केले होते. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी कॅनडातला अनुभव मागितला. दोन महिन्यांसाठी म्हणून सायकल घेतली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. "आणि ताई, हा अनुभव पीआरला धरत नाहीत. त्यासाठी कुशल नोकरी लागते. म्हणजे मी एवढं फिरतोय आणि परमिटचा काटा नुसताच पुढे जातोय."

"मग त्या शीटमधली खाण्याची यादी कुठून काढलीस?"

"ज्याच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त येतात ते लिहिलं. मला सगळं वासावरून माहितीये. बॅग उचलली की कळतं, सूप आहे की नूडल्स."

त्याच्या यादीतल्या एकाही ठिकाणी तो कधी बसून जेवला नव्हता.

मला राग आला. म्हणाले, वर्षभर मलाही सांगता आलं नाही? सही माझी आहे कर्जावर. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू आईशी खोटं बोलली असतीस, किंवा खरं. दोन्ही नको होतं."

हे समजायला आमचं घर माहीत पाहिजे. आई सांगलीत विश्रामबागेत इंजिनिअरिंगच्या मुलांना डबे देते. गेली एकोणीस वर्षं. सध्या साठ डबे आहेत, बाबा ते पोचवतात. भाऊ लहान असताना सायकलच्या दोन्ही हँडलना पिशव्या अडकवून जवळच्या खोल्यांवर डबे द्यायचा. सातवीत असताना एका घराचं दार त्याच्या वर्गातल्या मुलाने उघडलं. ते भाडेकरूंच्या खोलीचं दार नव्हतंच, चुकून घरमालकाचं वाजवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला 'डबेवाला' नाव पडलं. घरी येऊन तो जेवला नाही. त्या रात्री आई त्याला म्हणाली होती, "तुला नाही लावणार मी डबे पोचवायला. कितीही शीक." सोळा लाखांच्या कर्जामागे ते वाक्य होतं, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

डंपलिंग आली. त्याने चॉपस्टिक बाजूला ठेवून हातानेच उचललं, जीभ भाजून घेतली. मला मात्र पुण्यातली एक रात्र आठवत होती. पाऊस होता, खिचडी पन्नास मिनिटं उशिरा आली आणि मी त्या माणसाला एक स्टार दिला होता. हे मी भावाला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

शनिवारी आम्ही शीट उघडलीच नाही. उठलो तसे बाहेर पडलो. जेरार्ड स्ट्रीटवर ट्रामने गेलो. १९७२ मध्ये तिथे नाझ नावाच्या थिएटरमध्ये हिंदी सिनेमे लागायला लागले. लोक लांबलांबून सिनेमाला यायचे, मग त्यांच्यासाठी मिठाईची, साड्यांची, पानाची दुकानं आली आणि इंडिया बाजार तयार झाला. थिएटर आता नाही. देशी लोक ब्रॅम्प्टनला, मिसिसागाला पांगलेत. तरी फुटपाथवर निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, लिंबू आणि तिखट-मीठ लावून मिळतं. आम्ही दोन घेतली. भाव रुपयांत करायचा नाही असं ठरवून खाल्ली.

मग त्याची खोली बघितली. स्कारबरोमध्ये एका घराचं तळघर. दोन खोल्या, चौघं. दोन पंजाबचे, एक आंध्रचा आणि हा. छताला लागून एक आडवी खिडकी, त्यातून जाणाऱ्यांचे बूट दिसतात. दाराशी त्याची सायकल. "थंडीत बॅटरी लवकर उतरते," तो म्हणाला, "म्हणून जास्तीची एक सोबत ठेवतो." सगळं नीटनेटकं होतं. मी तिथे रडणार नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही. फ्रिजवर त्याने हप्त्याची तारीख लिहून चिकटवली होती.

संध्याकाळी जवळच्याच एका हक्का रेस्टॉरंटमध्ये गेलो. टोरंटोत 'हक्का' म्हटलं की आपलं इंडियन चायनीज. हक्का हा मूळचा दक्षिण चीनमधला समाज. त्यातले बरेच लोक पिढ्यानपिढ्या कोलकात्यात राहायचे, टांगरा भागात त्यांच्या टॅनऱ्या होत्या. १९६२च्या युद्धानंतर सरकारने भारतातल्या तीन हजारांच्या आसपास चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही जण तिथे काही वर्षं अडकले. सुटून आले तेव्हा घर-धंदा जागेवर नव्हता. त्या काळात आणि त्यानंतरही कित्येकांनी देश सोडला. बरेचसे टोरंटोला आले आणि येताना चिली चिकन घेऊन आले. शाळेत आपल्याला ६२चं युद्ध शिकवतात, पण ही गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. ती मला भावाने सांगितली. त्याला गल्ल्याच्या मागच्या म्हाताऱ्याने सांगितली होती, ऑर्डर तयार होण्याची वाट बघता बघता.

तो म्हातारा गल्ल्यावरच होता. भावाला बघून हिंदीत म्हणाला, "आज किसका पार्सल?"

"आज पार्सल नहीं. आज बैठके खाना है."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि स्वतः उठून टेबल पुसलं.

कोबी मंचुरियन अगदी आपल्या सांगलीच्या गाड्यावरच्यासारखं होतं, तेवढंच लाल. शनिवारची संध्याकाळ म्हणजे ऑर्डरींचा सगळ्यात भरीचा वेळ. त्याचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता. इतके डॉलर जास्त, तितके डॉलर जास्त. त्याने फोन पालथा घातला. थोड्या वेळाने परत सरळ केला, बघितला आणि पुन्हा पालथा घातला. मी मनातल्या मनात हिशेब केला, माझ्या या चार दिवसांत त्याचा किती धंदा बुडाला. मग बिल मी दिलं. त्यावरून दाराशी भांडलो. तेवढं एक भांडण अगदी लहानपणीसारखं झालं.

रविवारी बे स्ट्रीटच्या टोकापासून फेरी घेऊन टोरंटो आयलंड्सवर गेलो. पंधराएक मिनिटांचा प्रवास. ही बेटं पूर्वी बेटं नव्हती. किनाऱ्याला चिकटलेला वाळूचा दांडा होता, १८५८च्या वादळात तो तुटला. आता तिथे बागा, पुळणी आणि एका टोकाला लोकांची टुमदार घरं आहेत, खासगी गाड्या नाहीत. शहराची ती प्रसिद्ध रांग, टॉवरसकट, पाण्यापलीकडे दिसते.

"इथे आधी आलायस?" मी विचारलं. आता विचारायची सवय लागली होती.

"नाही. इथली ऑर्डर मला कधी आली नाही."

आम्ही गवतावर पडून राहिलो. त्याने दीड तास झोप काढली, तोंड उघडं टाकून. उठल्यावर म्हणाला, "आज आईला सांगतो. तू समोर आहेस तोवर."

टोरंटोत रात्रीचे साडेनऊ म्हणजे सांगलीत सकाळचे सात. आई त्या वेळी डबे भरत असते. तळघरातून व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन नेहमीप्रमाणे मिठाच्या बरणीला टेकवला. मागे डब्यांची रांग, कडेला बाबा चहा पीत बसलेले. काय काय बघितलं, काय खाल्लं, सगळं विचारून झालं. मी डुक्कर सोडून सगळं सांगितलं. मग भाऊ म्हणाला, "आई, मी लॉजिस्टिक्समध्ये नाहीये. मी इथे लोकांना हॉटेलातलं जेवण पोचवतो. सायकलवर. वर्ष झालं."

आईचा हात पातेल्यावरच थांबला. भाजीचा रस डावातून टपकत होता तो दिसत होता. बाबा उठले आणि कॅमेऱ्याबाहेर गेले.

"दिवसाला किती डबे होतात?" आईने विचारलं.

"वीस-बावीस. शनिवारी तीस."

"लांब लांब?"

"हो. एका वेळी दोनच नेता येतात."

"दोनच?" आई म्हणाली. "मग नाही परवडायचं ते." आणि थोड्या वेळाने, "थंडीत नेतोस? बर्फात?"

"हो."

"रस सांडत नाही ना?"

"नाही सांडत. मी बॅगेत खाली टॉवेल घालतो."

"हां," आई म्हणाली आणि पुढचा डबा भरायला घेतला. फोन तिने बंद केला नाही. साठ डबे भरून होईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो, फार काही न बोलता.

हे सगळं सोपं झालं, असं वाटायला नको. मी परत आले तेव्हा बाबा स्टँडवर न्यायला आले होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "एवढं करून डबेच?" मी म्हणाले, "हप्ता त्या डब्यांतूनच येतोय." त्यावर ते काही बोलले नाहीत. भावाशी अजूनही ते दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. आईने एकदा मला वेगळं गाठून विचारलं, "माझ्यामुळे सांगितलं नाही का त्याने?" मला उत्तर देता आलं नाही.

आता नोव्हेंबर आहे. भावाच्या दोन मुलाखती झाल्या. एकीकडून नकार आला, दुसरीकडून काहीच नाही. परमिटची पावणेदोन वर्षं शिल्लक आहेत. हप्ता तीन तारखेला येतो.

ती शीट मात्र अजून आहे. परवा सहज उघडली तर खाली एक नवी ओळ दिसली. रविवार, दुपारी दोन, एकट्याने. डबल्स. त्रिनिदादचा पदार्थ, हळदीच्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये छोले. तिथे त्या पुरीला 'बारा' म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांत कामाला नेलेल्या हिंदुस्तानी मजुरांबरोबर गेलेला शब्द. शेवटच्या रकान्याचं नाव त्याने बदललं होतं. 'काय खायचं'च्या जागी 'बसून खाल्लं'. आणि त्या ओळीत लिहिलं होतं : 'मस्त. तिखट कमी.'